इंजिन दोन बोटं वर

५ जानेवारी

प्रिय मेहुणे,

गाडी तयार झाली. फक्त वसाहतीच्या बाहेर जात नाही.

एवढ्यावरच पत्र संपवणार होतो, पण तू विमा कंपनीत फुटक्या गाड्यांची तपासणी करणारा माणूस, तुला तपशील लागणार. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू ‘हं, हं’ म्हणतोस आणि मागे टीव्ही चालू असतो. कागदावरचं वाचावं तरी लागतं.

खोक्यांतून सुटी आलेली ही गाडी मी शेडमध्ये जोडत होतो, ते तुला माहीत आहेच. पाइपांची चौकट कंपनीची, फायबरचं अंग कंपनीचं, इंजिन भंगारातल्या एका जुन्या गाडीचं. नजर मात्र माझी. तू बॉनेट बघायला हवंस. काचेपासून नाकापर्यंत एकच उतरती रेषा, कुठे गाठ नाही, कुठे फुगवटा नाही. आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले आणि माझी प्रत्येक रेषा शेवटी जमिनीखाली पुरली गेली. लोकांना दिसेल अशी ही पहिलीच.

रविवारी पहिली फेरी काढली. शेजारी बाल्कन्यांत उभे. तुझी ताई डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसली. फाटकापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. फाटकाबाहेरच स्पीडब्रेकर आहे. त्यावर पुढची चाकं चढून उतरली आणि खालून खर्रर्र आवाज आला.

ताई म्हणाली, “काहीतरी पडलं.”

मी म्हटलं, “काही पडलं नाही.”

मागे वळून पाहिलं, तर रस्त्यावर काळी रेघ आणि त्या रेघेत शेजारच्या ब्लॉकमधले हाडांचे डॉक्टर आपल्या नव्या बुटांकडे बघत उभे. इंजिनाच्या तळाचं ऑइलचं चेंबर फुटलं होतं. वेल्डिंग करून घेतलं आहे. चेंबर आणि जमीन यांच्यात चार बोटं जागा आहे, आणि तो स्पीडब्रेकर बेसुमार उंच आहे. चूक कोणाची ते उघडच आहे, तरीही तुझं तज्ज्ञ मत कळव.

तुझा,
भाऊजी

१४ जानेवारी

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. बुटांचा भाग दोनदा वाचावा लागला. ‘तज्ज्ञ मत’ मागितल्याबद्दल आभारी आहे. घरात माझं मत कोणी भाजी आणतानासुद्धा घेत नाही.

चार बोटं म्हणजे फारच कमी, भाऊजी. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या चेंबर फुटून येतात आणि प्रत्येक मालक सांगतो की रस्ताच उंच होता. माझं म्हणणं सरळ आहे. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं, त्यांच्याखाली पॅकिंग देऊन ते दोन बोटं वर घ्या. तेवढाच गिअरबॉक्सही वर घ्या, नाहीतर मागे जाणारा शाफ्ट वाकड्या कोनात फिरेल आणि गाडी थरथरेल. याला पर्याय म्हणजे चेंबरच उथळ करायचं. खोल डब्याचं पसरट तबक करायचं, म्हणजे ऑइल तेवढंच मावतं. पण त्यात कटकटी आहेत. स्प्रिंगा उंच करू नका, वळणावर गाडी कलेल.

यातलं काहीच जमलं नाही, तर तात्पुरती खाली एक लोखंडी पट्टी लावतात. मी ती सुचवत नाही, केवळ माहितीसाठी लिहितो आहे.

आपला,
ढब्बू

२ फेब्रुवारी

प्रिय मेहुणे,

तुझ्या सल्ल्याप्रमाणे लोखंडी पट्टी लावली.

चांगली जाड लावली. उगाच पत्र्याचं काम मला आवडत नाही. आता चेंबर फुटायची भीती राहिली नाही. पट्टी स्वतः बोटभर जाड असल्यामुळे चार बोटांची तीन बोटं झाली, ही बाब तू पत्रात स्पष्ट करायला हवी होतीस.

काल पुन्हा निघालो. या वेळी काही फुटलं नाही. गाडी स्पीडब्रेकरवर पोटावर टेकली आणि तशीच राहिली. पुढे जाईना, मागे येईना. मी पुढे वाकलो की पुढे झुकायची, ताई मागे टेकली की मागे. रस्त्याने जाणारी मुलं थांबून आपला नंबर कधी लागेल असं विचारायला लागली. शेवटी चार जणांनी उचलून आत आणली. त्यांत डॉक्टरही होते. त्यांनी जुने बूट घातले होते.

इंजिन वर घेण्याबद्दल तू लिहिलंस. ते होणार नाही. इंजिन वर घेतलं की कार्बोरेटरवरचा एअर फिल्टर बॉनेटला लागतो. मग बॉनेटला फुगवटा काढा. म्हणजे माझी रेषा गेली. एखाद्याचं नाक दाराला लागत असेल तर दार मोठं करायला सांगतात, नाक कापायला नव्हे. दुसरा उपाय सुचव.

तुझा,
भाऊजी

५ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

लोखंडी पट्टीची अक्कल तुझीच ना? वाटलंच मला. तू स्वतः ऑफिसला बसने जातोस, आयुष्यात टायरसुद्धा बदललेला नाहीस, आणि इथे ह्यांना पानंच्या पानं सल्ले. हे तुझी पत्रं शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवतात आणि त्यातलं नेमकं नको ते करतात.

तुला एक सांगते, ते तुझ्यापाशीच ठेव. गाडीसोबत आलेल्या कंपनीच्या नकाशात इंजिन वरच होतं. बॉनेटलाही थोडं पोट होतं. ह्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, “हे काय, जेवून उठल्यासारखं!” मग नवा नकाशा काढला, बॉनेट सपाट केलं आणि ते बसावं म्हणून इंजिन खाली उतरवलं. म्हणजे स्पीडब्रेकर उंच नाही, इंजिन खाली आहे. हे त्यांनाही माहीत आहे. पण आता ते कबूल करायचं कोणी?

ह्यांना थांबव असं मी म्हणत नाही. निवृत्त झाल्यानंतरचं वर्ष तू पाहिलेलं नाहीस. मी शिवणाच्या दुकानातून येईपर्यंत हे त्याच खुर्चीत, समोर भिंत, पेपरची घडीसुद्धा मोडलेली नाही. खोकी आली त्या दिवसापासून माणूस सकाळी उठून दाढी करायला लागला. गाडी चालली नाही तरी मला चालेल. माणूस चालता राहिला पाहिजे.

तेव्हा गोड बोलून बघ. आणि माझं नाव मध्ये आणू नकोस.

तुझी,
ताई

१३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

पट्टी काढून टाका. मी ती केवळ माहितीसाठी लिहिली होती, कृपया मागचं पत्र पुन्हा पाहावं.

आतल्या गोटातून असं समजतं, की कंपनीच्या मूळ नकाशात इंजिन दोन बोटं वरच होतं. तसं असेल तर काम फारच सोपं आहे. मुळात होतं तिथे परत न्यायचं. यात कमीपणा कसला? मोठमोठे कारखाने आपल्या गाड्या परत बोलावतात.

हे मला कोणी सांगितलं ते मी सांगणार नाही. आमच्या धंद्यात खबर देणाऱ्याचं नाव उघड करत नाहीत. एवढंच सांगतो की ती व्यक्ती तुमच्या भल्याचीच आहे आणि उत्तम शिवते.

आपला,
ढब्बू

१० मार्च

गतिरोधक सुधार समिती
(अध्यक्षांकडून)

माननीय महोदय,

आपलं पत्र मिळालं. आपल्या खबरीशी मी सध्या कामापुरतं बोलतो. ‘मीठ कमी आहे’ हे कामात धरलं आहे.

इंजिन जिथे आहे तिथेच राहील. मी प्रश्नाच्या मुळाला हात घातला आहे. स्पीडब्रेकर मोजला. तो नियमापेक्षा जवळजवळ दुप्पट उंच आहे. म्हणजे माझी गाडी खाली नसून रस्ता बेकायदा आहे. वसाहतीची सभा बोलावली आणि एकमताने समिती झाली. एकमत तेवढ्यापुरतंच टिकलं. डॉक्टर म्हणतात, स्पीडब्रेकर आहे तसाच राहू द्या. त्यांच्या दवाखान्यात कंबरदुखीचे निम्मे रुग्ण तिथूनच येतात असा मला संशय आहे. तळमजल्यावरच्या बाई म्हणतात, काढा, पण माझ्या जावेच्या खिडकीसमोर नेऊन बसवा. एक सदस्य फक्त चहाला येतात आणि प्रत्येक ठरावाला अनुमोदन देतात, परस्परविरोधी असले तरी.

नगरपालिकेला अर्ज केला. उत्तर आलं, ‘सदर ठिकाणी आमच्या दप्तरी गतिरोधक नाही. जो नाही तो कमी करता येत नाही.’ मी साहेबांना जागेवर यायची विनंती केली. ते आले. त्यांची गाडी स्पीडब्रेकरवर अशी आपटली की टोपी मागच्या सीटवर गेली. खाली उतरले, कंबर चोळली, आणि चौफेर बघून म्हणाले, “इथे काहीच नाही.”

मी म्हटलं, “मग आत्ता आपटलं ते काय?”

म्हणाले, “ते दप्तरी आल्याशिवाय मला सांगता येणार नाही.”

तेव्हा मी आता तो दप्तरी आणतो आहे. नियमात बसेल अशा उंचीच्या गतिरोधकाचा नकाशा मी स्वतः काढून सादर केला. खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस आहे मी, ह्या लोकांची भाषा मला येते. साहेबांनी नकाशा उभा धरला, आडवा धरला, आणि म्हणाले, “इतकं स्वच्छ काम हल्ली बघायला मिळत नाही.” मंजुरी आल्यातच जमा आहे.

कळावे,
अध्यक्ष

ता. क. चेंबर उथळ करण्यात कटकटी कोणत्या, ते तू लिहिलं नव्हतंस. अर्थात मला गरज नाही. केवळ माहितीसाठी.

१८ मे

प्रिय ढब्बू,

तीन महिने तुला लिहिलं नाही. आधी तू माझं नाव फोडलंस म्हणून रागावले होते. ‘उत्तम शिवते’ म्हणे! आख्ख्या वसाहतीत शिवणाचं दुकान माझं एकटीचं आहे. नंतर लिहिलं नाही, कारण काय लिहायचं तेच कळेना.

ह्यांचा नकाशा मंजूर झाला. गेल्या आठवड्यात डांबराची गाडी आली. हे इस्त्रीचे कपडे घालून फाटकापाशी उभे राहिले. समिती उभी राहिली. चहावाल्या सदस्यांनी नारिंगी झेंडी कुठून तरी मिळवून रहदारी अडवली. आणि त्या लोकांनी, ढब्बू, नकाशाप्रमाणे तंतोतंत, सुबक, बुटका, नियमात बसणारा स्पीडब्रेकर बांधला. जुन्याच्या डोक्यावर.

हे धावत गेले. “अहो, जुना काढायचा होता!”

मुकादम म्हणाला, “नकाशात जुना कुठाय?”

खरंच नव्हता. जो दप्तरी नाही तो ह्यांनी नियमाप्रमाणे नकाशात दाखवलाच नव्हता. मुकादमाने नकाशा पुढे केला. खाली कोपऱ्यात ह्यांची सही, त्यावर साहेबांचा शिक्का. लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेच ह्यांना जास्त लागलं.

त्या दिवसापासून शेडला कुलूप आहे. गाडीवर जुनी चादर टाकली. समितीचा राजीनामा दिला. पुन्हा तीच खुर्ची आणि तीच भिंत. दाढी वाढली आहे. काल मी म्हटलं, “भाजीत मीठ कमी आहे का?” तर म्हणाले, “असेल.” पूर्वी निदान भांडायचे.

कृपा करून ह्यांना काही सल्ला लिहू नकोस.

तुझी,
ताई

२६ मे

ताई,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. मी येऊ का? म्हणशील तर रजा टाकतो.

सल्ला देऊ नको म्हणालीस, म्हणून हा सल्ला तुलाच लिहितो. भाऊजींनी मागच्या पत्राखाली चेंबरबद्दल विचारलं होतं आणि मी रुसून उत्तर दिलं नाही. या वेळी मी आमच्या ऑफिसाशेजारच्या गॅरेजमध्ये जाऊन विचारून लिहितो आहे, त्यामुळे विश्वास ठेवायला हरकत नाही. चेंबर उथळ केलं तर आतून ऑइल ओढून घेणारी जी नळी असते, तिच्या टोकाला जाळी असते. ती नळीही तेवढीच आखूड करावी लागते. नाहीतर जाळी तळाला चिकटते, ऑइल वर चढत नाही आणि इंजिन जाम होतं. लोक नेमकं हेच विसरतात.

आता स्पीडब्रेकर एवढा वाढला असेल, तर नुसतं इंजिन वर घेऊन भागणार नाही. दोन्ही करावं लागेल. दोन बोटं इंजिन वर, दोन बोटं चेंबर उथळ. बॉनेटचं काय ते तुम्ही बघा. त्यावर माझं काहीच मत नाही, आणि हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

ढब्बू

१२ जुलै

प्रिय ढब्बू,

येऊ नकोस. म्हणजे ये, पण आता घाई नाही.

तुझं पत्र मी ह्यांना दिलं नाही. पाठ केलं. मग एके दिवशी दुकान बंद ठेवलं, किल्ली घेतली आणि शेड उघडलं. चादर काढली. बॉनेट उचलून भिंतीला टेकवलं आणि मापाची टेप काढली. कुलपाचा आवाज ऐकून हे आलेच.

“काय चाललंय?”

“माप घेतेय.”

“कशाचं?”

“पोटाचं. इंजिन दोन बोटं वर आलं तर किती सोडावं लागेल ते बघतेय.”

हे दारातच उभे राहिले. मीही टेप फिरवत राहिले. मग म्हणाले, “फुगवटा वाईट दिसेल.”

तेव्हा माझा आवाज चढला, ढब्बू. मी म्हटलं, “अहो, इतकी वर्षं मी लोकांचे कपडे शिवतेय. पोट असलेलं गिऱ्हाईक आलं तर त्याला ‘पोट आत घ्या’ म्हणून सदरा बेतत नाही मी. कापड सोडते. आणि असं सोडते, की बघणाऱ्याला पोट दिसत नाही, सदरा दिसतो. तुम्ही ते पोट दाबून दाबून खाली उतरवलंत, म्हणून ते रस्त्याला घासतंय!”

हे मग आत आले, टेपचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाले, “फिल्टर मध्यावर नाहीये. अर्धं बोट डावीकडे आहे.”

झालं. दुसऱ्या दिवशी दाढी झाली.

पट्टी काढून इंजिन वर घ्यायला आणि चेंबर उथळ करून घ्यायला पंधरवडा गेला. जाळीच्या नळीचं मी अगदी सहज बोलल्यासारखं सांगितलं, तर माझ्याकडे बघतच राहिले. “तुला कसं माहीत?” म्हटलं, “खबर देणाऱ्याचं नाव उघड करत नाहीत.” तेव्हा किती महिन्यांनी हसले.

बॉनेटला फिल्टरच्या बरोबर वर भोक पाडायचं होतं. करवत ह्यांच्या हातात, पण हात पुढे जाईना. मी विचारलं, “मी पाडू?” तर म्हणाले, “नको. रेषा माझी आहे.” आणि पाडलं. त्यावर मी आधी कागदाचं बेतलं, मग मातीचा साचा केला, मग फायबरचं कापड. ते कापड सरळ टाकलं की चुण्या पडतात. उरेब कापून तिरकं टाकलं की अंगावर बसतं. हे मात्र ह्यांना माहीत नव्हतं, आणि वर चोपडायचं ते चिकट औषध चहा निवायच्या आत घट्ट होतं हे मला माहीत नव्हतं. माझी चांगली कात्री एका बाजूने कायमची बॉनेटला चिकटली असती.

पहिला फुगवटा फुकट गेला. इंजिन उभ्या-उभ्या नीट बसलं होतं, पण हे गाडीत बसून इंजिन जोरात रेस करायला लागले तसं ते एका अंगावर डुललं आणि आतून ठकठक डोकं आपटायला लागलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मी उभ्या माणसाचं माप घेतलं होतं. चालताना तो हलतो, ते धरलंच नव्हतं. सगळं उसवलं आणि पुन्हा केलं.

दुसरा चांगला जमला. काचेपासून सुरू होतो आणि नाकापाशी कधी संपतो ते कळत नाही. हे रोज सकाळी उठून त्याच्यावरून हात फिरवून येतात. माझ्या दुकानात लोक विचारतात, गाडी कधी निघणार? मी सांगते, ट्रायल बाकी आहे.

तुझी,
ताई

२४ ऑगस्ट

प्रिय मेहुणे,

गाडी बाहेर आली!

तुझी ताई चालवत होती. मी चालवणार होतो, पण खालून कोणीतरी बघायला हवं होतं, आणि ते काम मी दुसऱ्या कोणाला देणार? फाटकाबाहेर, त्या दुमजली स्पीडब्रेकरच्या बाजूला, मी रस्त्यावर गाल टेकवून आडवा झालो. समिती सगळी उभी होती. पुढची चाकं चढली, उतरली. चेंबर वरून येताना मला दिसलं. स्पीडब्रेकर आणि चेंबर यांच्यामधून मला पलीकडे डॉक्टरांचे बूट स्पष्ट दिसले. बोटभर उजेड होता मध्ये! मग मागची चाकं चढली आणि गाडी पार. मी ओरडलो. ताई थांबलीच नाही. मला ती पार कोपऱ्यावरून वळून परत आल्यावर भेटली.

तिथून थेट परिवहन कार्यालयात गेलो. तपासणी अधिकारी गाडीभोवती फिरले, बॉनेटपाशी थांबले आणि म्हणाले, “वा! इंजिन दमदार दिसतंय.” मी म्हटलं, दमदार गाडीच्या बॉनेटला थोडा उठाव हा हवाच, सपाट बॉनेट म्हणजे कपाटाचं दार. ते म्हणाले, “नजर आहे तुम्हाला.” आता तूच सांग, मी काय नाही म्हणू?

पुढच्या रविवारी तुझ्याकडे यायचं ठरवतो आहोत. तुझ्या रस्त्यावर काय काय आहे ते मोजून कळव. आणि कृपा करून केवळ माहितीसाठी काही लिहू नकोस.

तुझा,
भाऊजी

ढब्बू, ह्यांच्या पत्रामागे जागा उरली म्हणून लिहिते. ‘कपाटाचं दार’ ऐकून मी अधिकाऱ्यांसमोरच खोकले. पण परवा ह्यांनी गाडीचा नवा नकाशा काढला, फुगवट्यासकट. खात्यातल्यासारखी खाली कोपऱ्यात चौकट आखली. ‘रेखाटन’ लिहिलं तिथे स्वतःची सही केली. त्याखाली ‘तपासले’ लिहिलं, ती जागा रिकामी ठेवली आणि पेन माझ्या हातात दिलं. नोकरीत असताना तिथे साहेबाची सही असायची, म्हणाले.

मी अजून केलेली नाही. चालवताना गाडीला डावीकडे किंचित ओढ आहे अजून. ती काढली की करते.

ताई